तेलाची वाटी बाजूला ठेव, कंबर मोज

बेटा,

'ग्रेड 2 फॅटी लिव्हर'चा, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचल्याचा, कागद घेऊन आलेल्या बाईंना तू तेल बंद करायला लावलंस आणि महिन्याभरानं त्या विचारून गेल्या, "तेल त सोडलं जी, मंग चरबी येते कुठून?" प्रश्न अगदी नेमका आहे. भल्याभल्या डॉक्टरांना तो सुचत नाही.

2005 साली अमेरिकेत लठ्ठ रोग्यांच्या लिव्हरमधली चरबी कुठून येते याचा माग काढला गेला. रोगी नऊच होते, पण उत्तर लक्षात ठेवण्याजोगं आहे: सुमारे 59 टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून रक्तावाटे आलेली, 26 टक्के लिव्हरनंच बनवलेली, आणि जेवणातल्या तेलातुपाची फक्त 15 टक्के. निरोगी माणसाचं लिव्हर उपाशीपोटी 5 टक्केही बनवत नाही.

खोट इन्सुलिनच्या कामात आहे. जेवणानंतर चरबीच्या पेशींना आवर घालणं हे त्याचं काम. लठ्ठपणात त्या ऐकेनाशा होतात आणि फॅटी ॲसिडं रक्तात सुटतच राहतात. शरीर मग आणखी इन्सुलिन ओततं. गंमत अशी की साखरेपासून चरबी बनवण्याचा त्याचा हुकूम लिव्हर इमानेइतबारे पाळतं! शिवाय ती बनताना तयार होणारं मॅलोनिल-कोए नावाचं रसायन फॅटी ॲसिडांना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, जाऊ देत नाही, म्हणजे जळणंही मंदावतं. काही माल व्हीएलडीएल, म्हणजे रक्तातून चरबी वाहून नेणारे कण, होऊन बाहेर पडतो, म्हणून तर रिपोर्टात ट्रायग्लिसराइड वाढलेले दिसतात. पण त्यालाही मर्यादा आहे. सीझनमध्ये कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग आणि गठाणी मात्र रोजच्याच वेगानं निघतात, तेव्हा आवारात ढीग लागतो, तसं हे.

तेव्हा त्या बाईंना चहा विचार. सकाळचा, वावरात मजुरांसोबतचा, पाहुणा आला की पुन्हा, आणि प्रत्येकात साखर किती. उपासाचा साबुदाणाही विचार. आपल्याकडे दोष तर्रीला देतात, तिच्याखालच्या पोह्यांकडे अन् वरच्या गोड चहाकडे कोणी बघत नाही. तेल बेतानं असू दे. पण ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी खाणाऱ्या माणसाला कोरडं खायला लावू नकोस. भाताचा ढीग तेवढा कमी कर.

80 किलोच्या माणसाचे 4 किलो उतरले तरी लिव्हरची चरबी घटू लागते. लिव्हरची सूज उतरायला 6 ते 8 किलो उतरावे लागतात. घाई नको, आठवड्याला किलोभर पुष्कळ. कडक उपासानं साठ्यातली चरबी एकदम सुटते, आणि ती जाते लिव्हरकडेच. रोज भरभर चालणं वजन न उतरताही कामाला येतं. निंदणाचे दिवस सरल्यावर त्या चालतात का, हे विचारायला विसरू नकोस.

आणखी एक. गावात 'लिव्हर' म्हटलं की लोकांना दारूच आठवते. बाईंना सगळ्यांदेखत तसलं विचारू नकोस. लिव्हर टॉनिकच्या बाटलीचे पैसेही वाचव त्यांचे.

एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस. वय, एसजीओटी (तसलंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 काढ, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण किती पडलेत याचा अंदाज देणारा आकडा. 1.3 च्या खाली असेल तर तूच सांभाळ. वर गेला तर फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठव. पासष्टीपुढे हीच रेघ 2 वर धर. आणि त्या बाईंची शुगर अजून तपासली नसशील, तर उद्याच बोलाव.

तुझा,
सर