मांजर आणि फेरेट: ओळखीची घाई नको

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा छोटा पाळीव प्राणी. तो घरी आणल्या आणल्या मांजरीसमोर सोडू नकोस. पहिला आठवडाभर दोघांच्या खोल्या वेगळ्या ठेव, फक्त अंथरुणं अदलाबदल कर. आधी वासाची ओळख होऊ दे. फेरेट खेळताना मानेला चावतं. त्याची स्वतःची कातडी जाड, त्यामुळे मांजरीला दुखतंय हे त्याच्या लक्षातच येत नाही. आमची माऊ पहिल्या दिवशी शेपटी फुगवून तासभर कपाटावर बसून होती. म्हणून उंचावरची एक जागा तिची एकटीची असू दे. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतं, तेवढ्यात तिला निवांत मांडीवर घे. मांजरीचं पिल्लू अगदी लहान असेल तर मात्र दोघांना एकटं सोडायचंच नाही. आणि हो, फेरेटला डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची लस टोचून घे.