काउंट चार हजार होईपर्यंत

"ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले. डॉक्टर म्हणले आता बरं आहे. मग पेशी कामून वाढंनात?"

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून आलेल्या बायका हा प्रश्न मला, त्यांच्या समुपदेशकाला, इतक्यांदा विचारतात, की आता त्यावर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. कुणी छत्रपती संभाजीनगरला उपचार घेतलेली जालन्याची किंवा परभणीची असते, कुणी बार्शीला जाऊन आलेली धाराशिव-लातूरकडची. कुणाचं हिमोग्लोबिन साडेनऊवर अडकलेलं असतं, कुणाच्या पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या आसपास घुटमळत असतात. रिपोर्टांची पिशवी मात्र प्रत्येकीच्या हातात असते.

सुमनताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) अशाच आल्या. परभणी जिल्ह्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. गावातल्या बचत गटाच्या अनेक वर्षांच्या खजिनदार. उपचार संपून आठ महिने झाले होते. मुलगा म्हणाला, "आई दर आठवड्याला गावातल्या लॅबमधी रक्त द्यायलीय. खोलीच्या बाहेर यायना. नातवाला जवळ घेईना."

"पेशी एकोणतीसशे, मॅडम," सुमनताई म्हणाल्या. "त्याच्या आधी एकतीसशे होत्या. म्हणजे उतरायल्यात ना?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तीन महिन्यांनी या म्हणले. पण रिपोर्टवर खाली बाण हाय ना."

इथं थोडं थांबून शास्त्र सांगायला हवं, कारण अर्धी भीती त्या बाणातच असते. केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा त्यात सापडते. बहुतेक औषधांत पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात खाली जातात आणि तीन-चार आठवड्यांत वर येतात. पण सगळ्यांच्या पूर्ण वर येतातच असं नाही. शेक घेतलेल्यांमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बरेच महिने कमी राहू शकतात. लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं, त्यामुळे हिमोग्लोबिन सावकाशच चढतं. शिवाय एकाच बाईचा काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, दिवसाची वेळ, दगदग, लॅबचं यंत्र यानुसार शंभर-दोनशेंनी इकडं-तिकडं होतो. एकतीसशेवरून एकोणतीसशे म्हणजे घसरण नव्हे.

दुसरी गोष्ट मी सुमनताईंकडून करून घेतली. एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा त्यातल्या न्यूट्रोफिल किती आहेत हे डॉक्टर आधी बघतात, कारण जंतूंशी पहिला सामना त्याच करतात. त्यांच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल ५८ टक्के होत्या. मी म्हटलं, "ताई, एकोणतीसशेचे अठ्ठावन्न टक्के किती?"

कागद-पेन न मागता त्या म्हणाल्या, "सोळाशे ब्याऐंशी."

हा आकडा १,५०० च्या वर असेल तर सहसा वेगळ्या पथ्याची गरज नसते. ५०० च्या खाली गेला की धोका फार वाढतो. सुमनताई मधल्या पट्ट्यातही नव्हत्या. हे समजून त्या गेल्या खऱ्या, पण पुढच्या भेटीला आल्या तेव्हा पिशवीत नवा रिपोर्ट होताच.

माहितीनं भीती जात नसेल तर ती माहितीअभावी आलेली नसते, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही रीत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे, आणि आपल्या मराठवाड्यातल्या हिशेबी, रोखठोक बायकांना ती फार लवकर भिडते असा माझा अनुभव आहे. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपण स्वतःला घातलेली एखादी अट उभी असते. ती अट शोधायची.

"ताई, काउंट किती झाला म्हणजे तुम्ही नातवाला उचलाल?"

"चार हजार."

"कुणी सांगितलं?"

"रिपोर्टवरच लिहिलंय की. चार ते अकरा हजार."

"आणि आयुष्यभर साडेतीन हजारच राहिला तर?"

त्या काही बोलल्या नाहीत. मी विषय बदलला, निदान त्यांना तसं वाटलं. "गटाच्या खात्यात शिल्लक कमी दिसली की तुम्ही काय करायच्या?"

"बघायचं आधी. कर्ज बाहेर किती गेलंय, हप्ते वेळेवर यायलेत का. शिल्लक कमी म्हणजे गट बुडाला असं थोडंच असतंय?" बोलता बोलता त्या थबकल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी घाई केली नाही. मग इतकंच सांगितलं, की सुईनं काढलेल्या रक्तात फक्त वाहत्या रक्तातल्या पेशी मोजल्या जातात. बऱ्याच न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि त्याहून मोठा साठा अस्थिमज्जेत असतो. म्हणून डॉक्टर आकड्यासोबत हेही विचारतात, की ताप किती वेळा आला, तोंड आलं का, जखम चिघळली का. "तुम्हाला या आठ महिन्यांत ताप किती वेळा आला?"

"एकदाबी नाही," त्या म्हणाल्या. आणि एकदम रडू लागल्या.

हे रडणं पेशींचं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "केमो चालू होती तवा दर एकवीस दिवसांनी डॉक्टर बघायचे, सिस्टर विचारायच्या, सून पेज करून द्यायची. आता समदे म्हणतेत बरी झालीस. आता मला कोण बघणार? रक्त दिलं की त्या दिवसापुरतं कुणीतरी बघायलंय असं वाटतंय."

मी या वाक्यापाशी आजही थांबते. उपचार संपणं ही आपण आनंदाची बातमी समजतो, पेढे वाटतो. पण ज्या बाईवर इतके महिने नजर होती, तिच्यावरची सगळी नजर एका दिवसात उठते. मग कागदावरचा आकडा तिचा राखणदार होतो. सुमनताईंना पेशी वाढण्याची वाट नव्हती. पुन्हा आजार आला तर तो आपल्याला एकटीला गाठेल याची धास्ती होती. घरच्यांनी चिडून रिपोर्ट बंद केले असते तर त्यांचा शेवटचा आधारही गेला असता. इतक्या वर्षांच्या कामात ज्या थोड्या क्षणांनी मला खरं समाधान दिलं, त्यात हा एक आहे.

पुढचं काम त्यांनीच केलं. सुनेला आणि मुलाला बोलावलं. आठवड्याचं रक्त बंद आणि त्याऐवजी दर रविवारी संध्याकाळी सुनेनं शेजारी बसून विचारायचं, कसं वाटतंय, असं ठरलं. स्वतःची अट त्यांनी स्वतःच्या शब्दांत बदलली: "पेशी वाढाव्यात असं मला लई वाटतंय. नाही वाढल्या तर काळजी घेऊन राहीन, पण राहीन." यातला एकही शब्द मी दिलेला नाही.

डॉक्टरांकडेही त्यांना प्रश्नांची चिठ्ठी घेऊन पाठवलं, आणि हे मी प्रत्येकीला सांगते. काउंट कमी राहण्यामागं उपचाराखेरीज कारणं असू शकतात: लोह, फोलेट, थायरॉइड, एखादं दुसरं औषध. सुमनताई माळकरी. शुद्ध शाकाहारात बी-१२ कमी पडणं फार नेहमीचं आहे आणि त्यानं लाल-पांढऱ्या दोन्ही पेशी घटू शकतात. तपासलं तर त्यांचं बी-१२ कमीच निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन चढलं. पांढऱ्या पेशी फारशा हलल्या नाहीत. जुनी फाइल काढली तेव्हा कर्करोग कळण्याच्या आधीच्या एका रिपोर्टमध्येही त्या जेमतेम चार हजारच सापडल्या. काहींचा काउंट मुळातच खालच्या अंगाचा असतो, म्हणून जुने कागद फेकू नका.

शेजारणीनं त्यांना "रक्ताचा कॅन्सर तर नाही ना" असं विचारून ठेवलं होतं. लपवून उपयोग नाही: केमोनंतर काही वर्षांनी रक्ताचा आजार होणं शक्य आहे, पण ते फार थोड्यांना होतं. काउंट सतत उतरत जाणं, लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट यांतल्या एकाहून अधिक एकत्र घटणं, रक्ताच्या काचपट्टीवर वेगळ्याच पेशी दिसणं, अशा खुणा डॉक्टर शोधतात. गरज वाटली तर अस्थिमज्जेची तपासणी करतात. तीन महिन्यांनी बोलावतात ते याचसाठी. ती तारीख चुकवू नका आणि रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या.

पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, बीट, कुणीतरी सांगितलेली कलेजी, यांनी पांढऱ्या पेशी वाढतील या भरवशावर राहू नका. न्यूट्रोफिल खरोखर कमी असताना कच्चे रस उलट जंतू पोटात नेऊ शकतात. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तिथं ते उकळूनच प्यावं. कापूस वेचताना ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला ओरखडे आले तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम किंवा सुजलेला दिसला तर त्याच दिवशी दाखवा. पेशी कमी म्हणून रोजची हार्मोनची गोळी आपल्या मनानं बंद करणाऱ्या बायका मला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं. ती गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असते आणि ती आजार परतू नये म्हणूनच असते.

घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना किंवा न्यूट्रोफिल कमी असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर तापाची गोळी खाऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

सुमनताईंनी गटाची वही पुन्हा हातात घेतली आहे. काउंट अजून तीन हजारांच्या आसपासच आहे आणि नातू मांडीवर असतो. भीती पूर्ण गेली का? तपासणीच्या आधीच्या रात्री झोप लागत नाही, असं त्या सांगतात. ते मी आजार मानत नाही. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं होत असेल तर आधी एखाद्या माणसाशी बोला, मग रिपोर्ट काढा. जवळ समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.