सरांचा चांगुलपणा आणि ड्रॉवरमधले नमुने

*ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. 2023 मध्ये पार्ट-टाइम पीएचडीला नोंदणी केली. विषय उसाच्या चिपाडातल्या तंतूंचं कॉम्पोझिट, म्हणजे तंतू मिसळून केलेलं मिश्र साहित्य. मुलगी दोन वर्षांची आहे. एचओडी (विभागप्रमुख) सर भले आहेत. ‘बाळ लहान आहे, लॅबची दगदग नको,’ म्हणून त्यांनी माझी टेस्टिंग लॅब काढून एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या मानांकनाच्या, फायली दिल्या. नमुने वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून आहेत. सासूबाई म्हणतात, ‘एवढं करून पगार किती वाढणार?’ सोडून देऊ का?*

सोडू नकोस गं. तुझं पत्र वाचताना माझा जीव त्या ड्रॉवरपाशीच अडकला. जिपच्या पिशव्या, त्यांवर मार्करने लिहिलेल्या तारखा. तंतू ओल धरतात हे तुला मी काय सांगायचं! पावसाळा उलटला की त्याच पिशवीतल्या पट्टीचं वजन वेगळं भरतं. म्हणजे नुसतं थांबण्यातही तुझं काम नासतंय.

सर भले असतील, मी मानते. पण त्यांनी तुझी दगदग कमी केली का? एनबीएसाठीचे सीओ-पीओ मॅपिंगचे, म्हणजे विषयाची उद्दिष्टं अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी जुळवणारे, तक्ते तू मुलगी झोपल्यावर घरी भरतेसच. गेलं ते फक्त नमुने ताणून-दाबून तपासायचं यूटीएम मशीन, आणि तुझा प्रबंध त्या मशीनवर उभा आहे. शिवाय विभागात बाई एकच, म्हणून महिला तक्रार समितीत तू, स्नेहसंमेलनात तू, पाहुण्यांच्या स्वागतालाही तू, असं होत असणार. बहुतेक कॉलेजांत हेच चालतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

मला अशा वेळी चेन्नईच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या ए. ललिता आठवतात, देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी एक. अठराव्या वर्षी विधवा, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकून लेकीला प्रवेश मिळवून दिला. 1940 च्या दशकात ती इंजिनिअर झाली तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेला इंग्रजी ‘He’ खोडून ‘She’ लिहावं लागलं. वडिलांनी तिला जपलं ते असं, वर्गात बसवून.

आता नियम. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं आहे. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा. नोकरीतली प्रसूती रजा तू घेतली असशील, पण पीएचडीच्या नोंदणीवर रजेचा अर्ज केला होतास का? पत्रात उल्लेख नाही. विद्यापीठाच्या पीएचडी विभागात स्वतः जाऊन विचार, गाइडना सोबत ने. तोंडी उत्तरावर परत येऊ नकोस.

सासूबाईंवर चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे. त्यांना सरळ सांग की एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमांनुसार असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागतेच. ती नसेल तर आज आहेस त्याच पायरीवर निवृत्त होशील. आणि नवऱ्याला शनिवार माग. ‘मदत करशील का’ असं विचारू नकोस. शनिवारी सकाळी नऊ ते दोन मुलगी त्याची, एवढं ठरवून टाक.

सरांकडे रडगाणं नको, मेल कर. त्यात दोनच मागण्या: टेस्टिंग लॅबचा चार्ज परत आणि आठवड्यातली एक दुपार लेक्चर-प्रॅक्टिकलशिवाय मोकळी. बदल्यात एनबीएचा एक क्रायटेरिया (निकष) तू पूर्ण सांभाळशील, बाकीचे दुसऱ्यांना द्यावेत, असंही लिही. त्यांना तुझी काळजी आहे ना, मग ती कुठे वापरायची हे त्यांना तुझ्याकडूनच कळू दे.

पण हे पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल लागायच्या आत कर. एकदा ते नोटीस बोर्डावर चढलं की सहा महिने कोणी हलवत नाही.