मशीनचा नंबर

विश्रामबाग, सांगली

प्रिय डॉक्टर,

ग्रामीण रुग्णालयाचा चार्ज घेतल्यावर तुझा पहिला फोन आला तो गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी करायच्या सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीबद्दल. "सर, पेशंट सोडून कागद तपासत बसू का?" हा प्रश्न दोन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

बस. एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफी करताना प्रत्येक गरोदर बाईचा भरायचा तो फॉर्म, केसपेपरसारखा वाच. मुलगे किती, मुली किती, कितवा आठवडा, पाठवलं कोणी, गाव कुठलं. दोन मुलींची आई, चौदावा आठवडा, पाठवणाऱ्या डॉक्टरचा रकाना कोरा आणि गाव साठ किलोमीटरवरचं. एकाच केंद्रातून असे फॉर्म महिन्यात चार आले, तर संशयाला जागा आहे. गुन्हा ठरवायला नाही. त्यासाठी केंद्रात जाऊन रजिस्टर पडताळावं लागतं. त्या बाईच्या दारात मात्र सरकारी गाडी उभी करू नकोस. सासरी जाब तिलाच विचारतात.

"कारकुनी चूक आहे हो मॅडम," असं तुला पुष्कळजण सांगतील. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात अपुरी नोंद हाच भंग मानलाय आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली.

पण चूक आपलीही होते. एका केंद्राचं मशीन मी रात्री दहा वाजता सील केलं. पंच घाईत गोळा केलेले. पंचनाम्यात मशीनचा सिरियल नंबर लिहायचा राहिला. कोर्टात बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, हेच ते मशीन कशावरून? केस तिथेच बसली. ते केंद्र पुन्हा सुरू झालं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून सांगतो, स्थानिक आणि केंद्राशी संबंध नसलेले दोन पंच, यादीच्या दोन प्रती, पानोपानी सह्या, एक प्रत तिथल्या तिथे द्यायची. आणि नंबर मशीनवरून स्वतः वाचून लिहायचा.

मार्च २०१७ मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, तेव्हा तपासाचे धागे कर्नाटकात गेले. तालुक्याची हद्द आपल्या फाइलीला असते, एजंटाला नसते. शेजारच्या अधिकाऱ्यांशी आत्ताच ओळख करून घे.

तुझ्या बॅचमेटचं केंद्रही तुझ्याच हद्दीत आहे ना? पहिली तपासणी तिथेच कर, आणि आधी फोन न करता. मैत्री टिकेल का, ते मी सांगू शकत नाही. माझी एक टिकली नाही, अजून वाईट वाटतं.

पहिल्यांदा पंचनामा लिहायला बसशील तेव्हा मला फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर