चेहऱ्यावर मुरुमांचे खड्डे आणि डाग आहेत. लेझर रिसरफेसिंगने त्वचा एकसारखी होते का?

खड्ड्यांसाठी फायदा होतो, पण ते पूर्ण भरून येत नाहीत. डागांचं मात्र आधी निदान करून घ्या. वांग असेल तर लेझरच्या उष्णतेने तो उलट गडद होऊ शकतो.

कार्बन डायऑक्साइड लेझर (१०,६०० नॅनोमीटर) आणि अर्बियम याग (२,९४० नॅनोमीटर) हे दोन्ही त्वचेतल्या पाण्याला तापवून वरचा थर उडवतात. खालच्या थराला बसलेल्या उष्णतेमुळे नवं कोलाजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) तयार होतं, आणि खरा फरक त्यातूनच पडतो. म्हणून परिणाम दिसायला ३ ते ६ महिने लागतात. महिन्याभरात आरसा बघून निराश होऊ नका.

फ्रॅक्शनल प्रकारात किरण बारीक ठिपक्यांत पडतात आणि मधली त्वचा शाबूत राहते. त्यामुळे जखम साधारण आठवड्याभरात भरते. लाली जास्त दिवस टिकू शकते. बहुधा एकाहून अधिक बैठका लागतात.

सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर नंतर काळपट डाग पडण्याचा धोका जास्त, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अशा त्वचेवर कमी तीव्रतेने काम करणारे, अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच गाठा. पार्लरमध्ये हे अजिबात करू नका. ओठांवर हर्पिसचे फोड (जर) येत असतील किंवा मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर खपल्या ओढायच्या नाहीत आणि उन्हापासून चेहरा कटाक्षाने जपायचा. जखम भरली की एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा.