शांततेच्या कामाआधी हाताला एक कसब हवे

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी राज्यशास्त्रात बी.ए. करत असून पुढे नागालँडमधील महिलांच्या शांतताकार्यात उतरण्याचा तिचा निर्धार आहे. या कामात पोट भरेल का आणि ती सुरक्षित राहील का, असे आपण चंद्रपूरहून विचारले आहे.

तिची ओढ मला मोलाची वाटते. मात्र त्या महिलांचा शब्द मानला का गेला, हे तिने आधी समजून घ्यावे. १९८४ साली स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने सुरुवातीला दारू आणि अमली पदार्थांनी पोखरलेल्या घरांचा प्रश्न हाती घेतला होता, आणि त्या विश्वासाच्या बळावरच १९९४ मध्ये ‘आणखी रक्त सांडू नका’ अशी हाक देत या माता एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सशस्त्र गटांशी बोलू शकल्या. तांगखुल नागांमध्ये तर जुनी रीत अशी, की दुसऱ्या गावात दिलेली लेक, म्हणजे पुखरैला, लढाईत मध्ये उभी राहिली की दोन्ही बाजूंना हात आवरावे लागत, कारण एकीकडे तिचे माहेर असे आणि दुसरीकडे सासर. हा अधिकार बाहेरून गेलेल्या मुलीला मिळणार नाही. तिने तो मागूही नये.

तिची गरज भासेल ती एखाद्या कसबासाठी. म्हणून ‘शांतता अभ्यास’ या विषयाची पदवी लगेच घेण्यापेक्षा समाजकार्य, समुपदेशन किंवा कायदा यांपैकी एक शिक्षण आधी पक्के करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा बेपत्ता झालेल्या आईची जबानी कोणासमोर घ्यायची, कोणता प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही, कागदावर तिचे नाव कुठे झाकायचे, हे नुसत्या वाचनाने येत नाही. समाजकार्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा विचार करावा. संघर्ष आणि शांतता हा विषय पुढे दिल्लीच्या जामिया मिलियातही शिकता येईल. सोबत नागामीज, म्हणजे नागालँडमधील वेगवेगळ्या जमातींना जोडणारी बोली, शिकायला घ्यावी.

स्वयंसेवी संस्थांतील नोकरी बहुधा प्रकल्पापुरती असते. कायदा किंवा समुपदेशनाची पात्रता असेल, तर मधला काळ निभावतो. सुरक्षिततेसाठी तिने एकटीने न जाता प्रस्थापित स्थानिक संस्थेमार्फतच, इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या भारतीयांना तिथे जायला लागणारा सरकारी परवाना, काढून जावे. त्याआधी शेजारच्या गडचिरोलीत, जिथे १९९३ च्या दारूबंदीमागे स्त्रियांचा मोठा रेटा होता, तिने या सुट्टीत एखाद्या संस्थेत काम करून पाहावे, आणि तिन्हींपैकी कोणते शिक्षण घ्यायचे ते त्यानंतर मला कळवावे.