पोटात नक्की काय होतंय?

"मॅडम, पोटात कळ आली की मला कळतच नाही, आजार उलटलाय की मी घाबरलोय."

आतड्यांच्या जुनाट आजाराशी झगडणारी बरीच माणसं हीच शंका घेऊन समुपदेशनाला येतात. वरचं वाक्य ज्यांचं, ते गृहस्थ चौतिशीतले. अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या आजाराला, सहा वर्षं झाली होती. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आजार त्या वेळी शांत होता. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, आतड्याचं अस्तर भरून आलेलं दिसलं होतं. आतड्यातली सूज दाखवणारं कॅलप्रोटेक्टिन शौचाच्या तपासणीत मर्यादेत आलं होतं. तरीही प्रत्येक मीटिंगआधी चार-पाच वेळा शौचाला धावावं लागे. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत." यांना ऐकू आलं, "तुम्ही उगाच करताय."

उगाच नव्हतंच ते. सूज ओसरल्यावरही आतड्यातल्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा काही जणांत हळव्या राहतात, आणि एरवी लक्षातही येणार नाही अशी हालचाल कळ म्हणून जाणवते. आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी नाटक करत नाही."

पहिल्या काही भेटींत एक गोष्ट ठळक जाणवली. "भाऊ तसं बोलला तेव्हा काय वाटलं?" उत्तर, "पोट बिघडलं." "बढती मिळाली तेव्हा?" "पोटात गुडगुड." राग, आनंद, धास्ती, सगळ्याचं उत्तर पोटच. भावना ओळखायला आणि शब्दांत मांडायला अवघड जाणं, याला १९७०च्या दशकात पीटर सिफनिऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी अलेक्सिथायमिया असं नाव दिलं. आतड्यांच्या दीर्घ आजारात ते तुलनेनं जास्त आढळतं. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या पोटाने माणसाला चारचौघांत दगा दिलाय, त्याच्यावर तो डोळ्यांत तेल घालून पहारा देणार. त्या पहाऱ्यात छातीतली धडधड, आवळलेला जबडा, गार पडलेले तळवे यांच्याकडे लक्ष जातच नाही. आपल्याकडे तर शब्दही पोटाचेच. भीतीने पोटात गोळा येतो, गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याची चूक पोटात घालायची. यांनी सहा वर्षं सगळंच पोटात ठेवलं होतं.

इथे माझी एक चूक झाली. डोळे मिटून पोटाकडे लक्ष द्यायला मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं. दोन मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते उठून उभे राहिले. शरीराकडे लक्ष देण्याचे व्यायाम सगळ्यांना शांत करतात, असं समजून मी घाई केली होती. पोट ही त्यांच्यासाठी सगळ्यात असुरक्षित जागा होती. मग आम्ही पायांपासून सुरुवात केली. जमिनीला टेकलेली टाच, खुर्चीला टेकलेली पाठ, मग हात, खांदे. पोटापर्यंत पोचायला सात आठवडे लागले. त्यांनी एक वही ठेवली. कळ आली की आधी लिहायचं, आणखी कुठे काय जाणवतंय आणि अर्ध्या तासापूर्वी काय घडलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. थोरल्या भावाचा फोन आला की जबडा आवळतो, मग खांदे चढतात, आणि कळ त्यानंतर येते. "टेन्शन घेऊ नकोस, बरा होशील," असं भाऊ दर वेळी म्हणायचा. ताणामुळे हा आजार झालेला नसतो. ताणाने त्रास वाढू शकतो, पण म्हणून आजाराचा दोष आजारी माणसाच्या माथी मारणं मला अजिबात मान्य नाही.

"हा राग आहे का?" त्यांनी विचारलं. एखादं नवं नाव उच्चारून बघावं तसं.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच सांगितली होती. शौचात रक्त, ताप, घटणारं वजन, झोपेतून उठवणारी कळ, यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. भीती असो वा नसो, निर्णय तपासणीचा.

पाचव्या महिन्यात त्यांचा फोन आला. दोन रात्री कळेने जाग आली होती, रक्तही दिसलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. तपासणीत सूज परत आल्याचं निघालं आणि औषधं बदलली. पूर्वी असं झालं की "मनाचेच खेळ असतील" म्हणत ते आठवडेच्या आठवडे अंगावर काढायचे. आवाज थकलेला होता.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "पोट दुखतंय, ते आजाराचं. आणि वाईट वाटतंय, मॅडम. ते इथे, गळ्यापाशी."